अवकाशातील मालवाहक

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात जाम नावाचे गाव आहे. नागपुराहून दक्षिणेकडे निघालेला मोठा रस्ता येथे दुभंगतो. एक फाटा हिंगणघाटावरून हैदराबादकडे जातो, तर दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूर गाठतो. त्यामुळे येथे रात्रंदिवस मालट्रकांची रहदारी चालू असते. चालक घटकाभर टेकतात, चहा घेतात, चाके ठोकून पाहतात आणि पुढची वाट धरतात. माल उतरवून मोकळी झालेली गाडी परतीचा माल घेऊन पुन्हा याच वाटेने येते.

अवकाशात माल पोहोचविणारी वाहनेही असतात. त्यांना प्रक्षेपक अथवा अग्निबाण म्हणतात; त्यांचा माल म्हणजे कृत्रिम उपग्रह. परंतु या वाहतुकीचा हिशेब अगदी निराळा आहे. उपग्रह पृथ्वीभोवती फिरत राहावयाचा, तर त्यास सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेग द्यावा लागतो. त्या वेगासाठी इंधन लागते, आणि ते इंधन उचलण्यासाठी आणखी इंधन लागते! म्हणून अग्निबाण टप्प्याटप्प्यांनी बांधतात. ज्या टप्प्याचे इंधन संपले, तो गळून पडतो आणि उरलेल्या वाहनाचा भार हलका होतो.

भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक एसएलव्ही-३ हा होय. त्याची उंची सुमारे २२ मीटर व वजन १७ टन, म्हणजे एका भरलेल्या मालट्रकाएवढे होते. एवढ्या वाहनाने न्यावयाचा माल किती? अवघा ४० किलो. एखाद्या शाळकरी मुलाच्या वजनाइतका! त्याच्या चारही टप्प्यांत घन इंधन होते. असे इंधन देशातच तयार करण्याच्या कामी पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांचा मोठा वाटा होता. विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते इंग्लंडमधून परत आले आणि केरळातील थुंबा येथे या कामास लागले.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ प्रथमच उडाला. पहिल्या टप्प्याने आपले काम चोख केले. परंतु दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतील एक झडप नीट मिटली नव्हती. तिच्यातून आम्ल गळून गेले, वाहन भरकटले आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळले. अनेक वर्षांचे श्रम एका झडपेपायी पाण्यात गेले. मोहिमेचे प्रमुख डॉ. अब्दुल कलाम खचून गेले होते. त्या वेळी संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः पत्रकारांपुढे गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. पुढे १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या वाहनाने ३५ किलोचा ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. तेव्हा मात्र धवनांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठविले. ही आठवण कलाम पुढे अनेकदा सांगत असत.

त्यानंतरचे वाहन एएसएलव्ही हे होय. ते १५० किलोपर्यंतच्या मालासाठी बांधले होते. पण १९८७ व १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे ते अयशस्वी ठरले. पुढच्या पीएसएलव्हीचे पहिले उड्डाणही सप्टेंबर १९९३ मध्ये फसले. दरवेळी दोष कोठे होता, ते शोधून काढावे लागले. ते काम उड्डाणापेक्षा सोपे नव्हते. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी पीएसएलव्ही यशस्वी झाला आणि मग त्याने अनेक वर्षे इमानाने भार वाहिला. २००८ मध्ये चांद्रयान-१ आणि २०१३ मध्ये मंगळयान त्यानेच नेले. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी तर त्याने एकाच खेपेत १०४ उपग्रह वाहिले. त्यांपैकी १०१ परदेशांचे होते. ते एकमेकांवर आदळू नयेत, अशा बेताने एकामागून एक सोडण्यात आले. तथापि इतका अनुभव असूनही मे २०२५ मध्ये याच वाहनाचा तिसरा टप्पा दगा देऊन गेला.

आज भारताचा सर्वांत बलवान मालवाहक एलव्हीएम-३ हा आहे. त्याचे वजन ६४० टन असून १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ त्यानेच वाहून नेले.

या वाहनांचे अवयव अनेक ठिकाणी घडतात. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. तेथे घन इंधनाची पोलादी कवचे बनतात. मुंबईत विक्रोळी येथे ‘विकास’ इंजिने तयार होतात. या कामासाठी लागणारी अवजड सामग्री मात्र रस्त्यानेच न्यावी लागते. जुलै २०१९ मध्ये अशीच एक प्रचंड भट्टी घेऊन ७४ चाकांचे वाहन महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमकडे निघाले. अग्निबाणांचे हलके भाग या भट्टीत दाबाखाली भाजून पक्के करावयाचे होते. तिचे वजन सुमारे ७० टन होते. वाटेत कोठे विजेच्या तारा बाजूस कराव्या लागल्या, कोठे झाडांच्या फांद्या तोडाव्या लागल्या. त्यातच टाळेबंदी आली. सुमारे १७०० किलोमीटरांच्या त्या प्रवासास एक वर्ष लागले. अग्निबाण मात्र सुमारे १७ मिनिटांत उपग्रह कक्षेत पोहोचवितो!

एक उणीव अद्याप उरली आहे. जामवरून गेलेला ट्रक परत येतो. हे प्रक्षेपक एका खेपेतच संपतात. परत येणारे वाहन बनविण्यासाठी ‘पुष्पक’ नावाच्या पंखधारी वाहनाचे प्रयोग कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात झाले. एप्रिल २०२३ मध्ये हेलिकॉप्टरने त्यास सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले. कोणी चालक नसताना ते आपले आपण धावपट्टीवर उतरले. २०२४ मध्ये ते आणखी दोनदा उतरले. त्या वेळी त्यास मुद्दाम धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला सोडले होते.