चीक : नवजात अर्भकाचे पहिले संरक्षण

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस मातेला येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो जड समजून पिळून टाकण्याची आणि बाळाला मध वा साखरपाणी चाटविण्याची प्रथा काही घरांत अद्याप आढळते. वस्तुतः चिकात रोगप्रतिबंधक द्रव्ये विपुल असतात. तो थोडाच येतो. परंतु अर्भकाचे जठरही तितकेच लहान असते. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळास अंगावर पाजावे. पुढे ६ महिने केवळ मातेचे दूध द्यावे. वरचे पाणीही देऊ नये. त्यानंतर पूरक आहारासह २ वर्षे वा अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे.

मात्र हा निर्णय बहुधा एकट्या मातेच्या हाती नसतो. यास्तव घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ही गोष्ट प्रसूतीपूर्वीच पटवून देण्यात पंचायत सदस्य व शिक्षक यांनी पुढाकार घ्यावा.