रस्ता वाचायला शिकताना

रत्नागिरीत येऊन मला आता तिसरं वर्ष. आपल्या होस्टेलवाल्यांचं गाव म्हणजे मारुती मंदिर, एस.टी. स्टँड आणि घरी जायचं असलं की रेल्वे स्टेशन! रविवारी उतरायचं, वडापाव खायचा, झेरॉक्स काढायच्या आणि परत. मीही तेच करायचे. त्यात माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठी घरात बोलण्यापुरतं. 'टिळक आळी' हा बोर्ड पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर पानावरची हिरवी अळी आली. (हसू नका!) आळी म्हणजे घरांची ओळ. १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांचं जन्मस्थान या आळीत आहे.

पण खरा धडा मिळाला तो सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला. फेब्रुवारीचं ऊन, डम्पी लेव्हल लावलेली, एका उताराच्या रस्त्याची रीडिंग्ज घेत होतो. गडग्यापलीकडून एक आजोबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, "काय गो बाय, पऱ्या दाखवलास काय?"

पऱ्या? मला पंखवाल्या पऱ्याच ठाऊक! मी नुसती हसले. तिथे एक कोरडी घळ होती, तिच्यात प्लास्टिक, वर फळ्या टाकून उभी केलेली रिक्षा. फील्ड बुकात मी लिहिलं, 'खड्डा, कचरा.' शीटवर तो दाखवलाही नाही.

जुलैत तिथूनच जात होते. खड्डा कसला, तांबडं पाणी उसळत होतं. फळ्यांपाशी कचरा अडकून ते रस्त्यावर आलेलं आणि रस्त्यावरून थेट आजोबांच्या पडवीत. दोन बायका सुपलीने पाणी बाहेर काढत होत्या. पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा, हे मला तेव्हा कळलं.

मग वाचायला लागले. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो आधी सड्यावर. (सडासुद्धा मला अंगणात शिंपडायचा तेवढाच माहीत होता.) सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. उष्ण, दमट हवेत मूळ खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, तो जांभा. १८०७ साली बुकानन या स्कॉटिश सर्जनने त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव अचूक आहे. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. गडग्याचा दगड जवळून पाहा, सगळी भोकं. सड्याच्या कठीण पाठीवरून बरंचसं पाणी वाहून जातं. जे मुरतं तेही भोकांतून खाली झिरपून उतारावर बाहेर पडतं. म्हणून एवढा पाऊस होऊनही मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, आणि म्हणूनच पऱ्यांची वाट मोकळी लागते.

आता रस्त्यातून जाताना माझी नजर खालीच असते. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली की मिरकरवाड्याकडून येणाऱ्या टेम्पोतून बर्फाचं पाणी ठिबकतं. त्याची रेघसुद्धा उतार सांगते. मैत्रिणी म्हणतात, हिचं काहीतरी हरवलंय.

सर्व्हेची शीट मी पुन्हा काढली. सबमिशन कधीच झालं होतं, मार्क वाढणार नव्हते. पऱ्या निळ्या शाईने दाखवला आणि प्रत आजोबांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, "नि ती रिक्षा खय?"