चालकाविना चालणारी मोटार व ट्रॅक्टर

ट्रॅक्टर चालविणारा मनुष्य एकाच वेळी किती कामे करीत असतो, याचा आपण सहसा विचार करीत नाही. आपण कोठे आहोत हे त्यास ठाऊक असते. पुढे बांध आहे की विहीर, हे तो पाहतो. आडवे आलेले वासरू पुढे जाईल की माघारी फिरेल, याचा तो अंदाज बांधतो. आणि मग त्याचा हात स्टिअरिंगवर व पाय ब्रेकवर जातो. ह्यांपैकी शेवटचे काम यंत्राकडून करवून घेणे सर्वांत सोपे होय. चाक वळविण्यास विजेची लहानशी मोटर पुरते. खरी अडचण पहिल्या तीन कामांची आहे. परदेशांत आज रस्त्यावर चालकाविना मोटारी व शेतात चालकाविना ट्रॅक्टर चालू लागले आहेत, ते ही तीन कामे कशी करतात हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ट्रॅक्टर आपोआप चालविणारी साधने आता आपल्याकडेही प्रात्यक्षिकांत दिसू लागली आहेत व शेतकरी त्यांविषयी विचारणा करू लागले आहेत.

प्रथम स्वतःचे ठिकाण ओळखण्याविषयी. शेतात दोन खुंट्या ठोकाव्या व प्रत्येकीला ठराविक लांबीची दोरी बांधून तिचे टोक जमिनीवर फिरवावे. दोन्ही वर्तुळे दोन ठिकाणी एकमेकांस छेदतील. तिसऱ्या खुंटीची दोरी त्यांतील नेमके एक ठिकाण सांगेल. जीपीएसचे तत्त्व हेच आहे. येथे खुंट्यांच्या जागी सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह असतात व दोरीच्या जागी रेडिओलहरी. लहर केव्हा निघाली व केव्हा पोहोचली यावरून अंतर काढतात. लहर एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जाते, म्हणून घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांचा फरक पडतो. उपग्रहांवर ह्यासाठी आण्विक घड्याळे बसविलेली असतात. आपल्या यंत्रातील घड्याळ तेवढे अचूक नसते, त्याची चूक काढण्याकरिता चौथा उपग्रह लागतो.

एवढे करूनही साध्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक राहते. रस्ता शोधण्यास ती चालते, पेरणीस चालत नाही. म्हणून ज्या जागेचे ठिकाण आधीच काटेकोर मोजलेले आहे अशा जागी एक स्थिर केंद्र उभारतात. उपग्रहांवरून येणारे उत्तर त्या केंद्राच्या खऱ्या ठिकाणापासून किती चुकते, हे ते केंद्र सतत कळवीत राहते व ट्रॅक्टरवरील यंत्र तेवढी दुरुस्ती करून घेते. ह्या पद्धतीस आरटीके म्हणतात. तिने चूक दोन-तीन सेंटिमीटरांवर येते. आपल्या वाचकांनी ही पद्धत पाहिलीही असेल. भूमिअभिलेख खात्याचे मोजणीदार काठीवर बसविलेले जे रोव्हर यंत्र घेऊन बांधावर येतात, ते अशाच स्थिर केंद्रांच्या आधारे चालते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रातही अशी केंद्रे उभारली आहेत.

ठिकाण कळले म्हणजे समोरचे दिसले असे मात्र नव्हे. समोरचे पाहण्यास निराळी साधने लागतात. डोंगराकडे तोंड करून हाक मारली व प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर डोंगर सुमारे १७० मीटरांवर आहे असे समजावे, कारण आवाज एका सेकंदात जवळजवळ ३४० मीटर जातो व त्याला जाऊन परत यावयाचे असते. लायडर नावाचे साधन अशीच हाक प्रकाशाची मारते. लेसरचा किरण तीस मीटरांवरील झाडावर आदळून परत येण्यास सेकंदाचा पन्नास लाखावा भाग लागतो. हे साधन तो मोजते आणि असे लक्षावधी मोजमाप दर सेकंदास करून भोवतालच्या वस्तूंचा ठिपक्यांनी बनलेला आकार तयार करते. अंधारातही ते काम करते. परंतु दाट धुके, मुसळधार पाऊस किंवा नांगरटीची धूळ असली म्हणजे किरण मध्येच परततो.

रडारच्या रेडिओलहरी धूळ व धुके यांतून पार जातात आणि समोरची वस्तू किती वेगाने जवळ येत आहे हेही त्या सांगतात. मात्र वस्तूचा आकार रडारला ढोबळच कळतो. रंग, पाटी, दिवा ओळखणे हे कॅमेऱ्याचे काम. शेजारी शेजारी बसविलेले दोन कॅमेरे आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे अंतराचाही अदमास देतात. पण मावळतीचा सूर्य समोर आला किंवा काचेवर चिखल उडाला, तर कॅमेरा आंधळा होतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी म्हणून बहुतेक कारखानदार ही साधने एकत्र बसवितात. टेस्ला कंपनीने मात्र कॅमेऱ्यांवरच भिस्त ठेवली आहे, आणि हे योग्य की अयोग्य याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.

ह्या विद्येची पहिली मोठी परीक्षा अमेरिकेतील मोहावी वाळवंटात झाली. तेथील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने २००४ च्या मार्चमध्ये चालकाविना मोटारींची शर्यत लावली. एकही मोटार शेवटपर्यंत पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेली मोटारही बारा किलोमीटरांच्या आतच अडकली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’ मोटारीने सुमारे २१२ किलोमीटरांचा मार्ग सात तासांच्या आत पार करून वीस लाख डॉलरांचे बक्षीस मिळविले. तिच्या टपावर पाच लेसरयंत्रे व एक कॅमेरा होता. लेसर जवळचा रस्ता मोजी व तशाच रंगरूपाची जमीन दूरवर कोठे आहे, हे कॅमेऱ्याच्या चित्रावरून ठरविले जाई. पुढे २०२० साली अमेरिकेतील फीनिक्स शहरात वेमो कंपनीने चालकाविना मोटारी सर्वसामान्य प्रवाशांस खुल्या केल्या.

साधनांनी पाहिले तरी यंत्रास ते उमगेलच असे नाही. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातील टेंपी गावी उबर कंपनीच्या चाचणी मोटारीखाली सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री ठार झाली. सरकारी चौकशीत असे दिसून आले की, धडकेपूर्वी ५.६ सेकंद ती स्त्री साधनांना दिसली होती. परंतु गणकयंत्र तिला कधी वाहन, कधी अन्य वस्तू, कधी सायकल समजत राहिले आणि प्रत्येक वेळी तिच्या वाटचालीचा हिशेब नव्याने मांडू लागले. आपत्कालीन ब्रेक आपोआप लागण्याची सोय बंद ठेवलेली होती. देखरेखीस बसविलेल्या व्यक्तीचे लक्ष मोबाइलवर होते. बैल खड्ड्यापाशी न सांगता थांबतो. यंत्र त्यास जे शिकविले असेल तेथेच थांबते.

शेताचे काम रस्त्याहून एका परीने सोपे आहे, कारण वेग कमी व वर्दळ थोडी. अमेरिकेतील जॉन डियर कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये दाखविलेल्या चालकाविना ट्रॅक्टरवर कॅमेऱ्यांच्या सहा जोड्या होत्या. तो प्रथम नांगरटीसाठीच तयार करण्यात आला, आणि ते समंजसपणाचे होते. उघड्या रानात माणूस दिसतो, उभ्या पिकात दिसत नाही. अडथळा आढळल्यास तो ट्रॅक्टर थांबतो व त्याचे चित्र मालकाच्या मोबाइलवर जाते. आपल्याकडे महिंद्र कंपनीनेही २०१७ साली चेन्नई येथे चालकाविना ट्रॅक्टरचे प्रात्यक्षिक केले होते.

येथे एक भेद शेतकऱ्यांस स्पष्ट करून सांगावा लागेल, कारण ह्याबाबत घोटाळा झाल्यास तो जिवावर बेतेल. पुष्कळ ट्रॅक्टरांवर बसविले जाणारे साधन केवळ आपोआप स्टिअरिंग धरणारे असते. त्यास जीपीएस आहे, डोळे नाहीत. ते तास सरळ ठेवील. दोन फेऱ्यांत बी दुबार पडू देणार नाही की मध्ये पट्टी सुटू देणार नाही. परंतु सावलीला निजविलेले मूल, पिकात बसलेली शेळी किंवा कठडा नसलेली विहीर यांपैकी कशाचीही त्यास खबर नसते. असे साधन चालू असता चालकाने जागेवरून उठता कामा नये. मोठ्या सलग क्षेत्रावर ह्या साधनाचा लाभ उघड आहे. अर्ध्या एकराच्या तुकड्यात, जेथे तासापेक्षा वळणेच अधिक, तेथे कर्ज काढून ते घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. भाड्याने मिळत असल्यास गोष्ट वेगळी.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी कार्यकर्त्याने विक्रेत्यास शेतात नेऊन विचारावे, की ह्यापुढे माणूस आडवा आला तर हे थांबेल काय. ‘थांबेल’ असे उत्तर आल्यास माणसाच्या उंचीचे पेंढ्याचे बुजगावणे, अंगात सदरा घालून, ट्रॅक्टरच्या वाटेवर उभे करावे. नंतर तेच आडवे निजवून पाहावे. ही चाचणी सकाळी, तिरप्या उन्हात आणि धूळ उडत असताना अशी तिन्ही वेळा घ्यावी, व त्या वेळी शेतात कोणासही उतरू देऊ नये. कॅमेऱ्याची काच दर फेरीनंतर स्वच्छ फडक्याने पुसावी.