पालपट्टी घेतली, मग हात वर कसे?

प्रश्न : आमच्या फलटणला सकाळच्या चहाच्या टपरीवर हल्ली एकच वाद चालतो. एक जण मोबाइलवर युक्रेनचे, गाझाचे व्हिडिओ दाखवतो. दुसरा म्हणतो, लढाईत हे चालायचंच. तिसऱ्याचं म्हणणं, आपल्या मराठी फौजांनी असलं कधी केलंच नाही, महाराजांनी रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू दिला नव्हता. खरं काय? आपल्या फौजांनी परमुलखात काही केलं असेल, तर त्याचा जाब कोणी कोणाला विचारला का? शिक्षा कोणाला झाली का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : तिसऱ्या गृहस्थांपासून सुरुवात करतो, कारण ते अर्धे बरोबर आहेत आणि अर्ध्या बरोबर माणसाशीच बोलायला मजा येते. भाजीच्या देठाचा दाखला खरा आहे, पण तो लष्कराला लिहिलेल्या पत्रातला नाही. शिवाजी महाराजांचं ते १६७६ सालचं पत्र प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला आहे, म्हणजे वसुली पाहणाऱ्या अंमलदाराला.

फौजेला लिहिलेलं पत्र वेगळं, आणि माझ्या मते जास्त वाचण्यासारखं. ते १६७३ च्या मे महिन्यातलं आहे. चिपळूणजवळ हलवर्ण इथे घोडदळाची छावणी होती, पावसाळा तोंडावर आला होता. महाराज जुमलेदार-हवालदारांना सांगतात, की साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळलंत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. कोणी कुणब्याचा दाणा उचलील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. जे कुणबी अजून घर धरून राहिलेत तेही उठून जातील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असं त्यांना वाटेल. पुढे त्याच पत्रात उंदीर येतो. रात्री दिवा तसाच जळत ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल.

या पत्रात नीतीवर प्रवचन नाही, चाऱ्याचा हिशेब आहे. शिपाई रयतेच्या दारात जातो तो रिकाम्या तोबऱ्यामुळे, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. सभासदाच्या बखरीतले नियमही याच जातीचे आहेत. फौजेत बायका न्यायच्या नाहीत, परमुलखात बायका-पोरं धरायची नाहीत, गाय आणायची नाही. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी करायची आणि परतताना झडती घ्यायची. जास्तीचं निघेल ते सरकारजमा. शिपायाला तनखा मिळे, म्हणून लुटीवर हक्क त्याचा नव्हे, सरकारचा.

याचा अर्थ सगळं लखलखीत होतं असा नाही. १६६४ साली सुरतेच्या लुटीत पैशासाठी कैद्यांचे हाल झाले, काहींचे हात तोडले गेले, हे इंग्रज वखारवाल्यांनी लिहून ठेवलेलं आहे. आणि तुम्ही फलटणचे, म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. पुरंदरच्या तहानंतर, १६६५ च्या डिसेंबरात, मिर्झाराजा जयसिंग विजापूरवर चालून गेला तो तुमच्याच वाटेने. फलटण आणि ताथवड्याचा किल्ला त्या स्वारीत सुरुवातीलाच पडला. तेव्हा फलटण विजापूरच्या बाजूच्या बजाजी नाईक निंबाळकरांचं, म्हणजे सईबाईंच्या भावाचं. आणि चालून आलेल्या मोगली फौजेत तहाप्रमाणे खुद्द महाराजांची तुकडी होती. मेव्हण्याच्या गावावर स्वारी! याच जयसिंगाने त्या वर्षीच्या उन्हाळ्यात राजगड-रोहिड्याच्या परिसरातली गावं ठरवून जाळली होती. त्याचा जाब औरंगजेबाने कधी विचारला नाही. विचारणार तरी कसा, कामच ते सांगितलेलं.

आता जाबाकडे येऊ, म्हणजे आधी बंगालकडे. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगाल-ओरिसात उतरत राहिल्या. बारगीर या शब्दाचा तिकडे 'बर्गी' झाला आणि बंगाली आया आजही त्या नावाच्या अंगाईवर मुलांना झोपवतात. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने यावर 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. वर्धमानच्या राजाचे पंडित वाणेश्वर विद्यालंकार यांनी संस्कृतात लिहिलं. जाळपोळ, हात-नाक कापणं, बायकांवरचे अत्याचार, गरोदर बाया आणि तान्ह्या मुलांची हत्या, सगळं त्यांत आहे. कवी वाढवून लिहितात हे मान्य. पण एकमेकांपासून दूर बसलेले दोघे एकच गोष्ट वाढवून लिहायला लागले की माझा संशय कवींवरून उठतो आणि फौजेवर जातो.

हा विषय साताऱ्याला निघालाच नाही असंही नाही. १७४३ साली शाहू महाराजांपुढे तंटा आला. एकीकडे रघूजी भोसले, दुसरीकडे नानासाहेब पेशवे. पण तंटा होता चौथाई कोणाच्या वाट्याची याचा. पेशव्याने तर बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याकडून पैसे घेऊन रघूजीची फौज बंगालबाहेर हाकलली होती. शाहूंनी दोघांचे प्रदेश वाटून दिले, बंगाल-ओरिसा रघूजीकडे. तिथल्या कुणब्याचं काय झालं हा प्रश्न सातारच्या दरबारी कागदावर नव्हता. १७५१ च्या तहात ओरिसा आणि बंगालची बारा लाखांची चौथाई ठरली, की स्वाऱ्या थांबल्या.

तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मात्र बंगालमध्ये नाही, सांगली-मिरजेच्या कागदांत आहे. १७९०-९२ मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एकत्र होते. मराठी फौजेचे एक मुख्य सरदार तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. त्यांनी १७९१ च्या एप्रिलात धारवाड घेतलं आणि ते दक्षिणेला सरकले. त्यांच्याच कुळातले कुरुंदवाडकर रघुनाथराव फौज घेऊन बिदनूरच्या बाजूला होते. त्या फौजेसोबतच्या पेंढाऱ्यांनी आणि लमाणांनी शृंगेरीचा शारदापीठ मठ लुटला. माणसं मारली गेली, त्यांत ब्राह्मणही होते. देवीची मूर्ती हलवली गेली. स्वामी सच्चिदानंद भारती मोजक्या शिष्यांसह कारकळला निघून गेले.

ज्यांनी लुटलं ते हिंदू राज्याचे, ज्यांना लुटलं तो शंकराचार्यांचा मठ. म्हणून पुण्यात खळबळ उडाली. लढाईत चालायचंच, असं पेशव्यांच्या दरबारने म्हटलं नाही. लुटीचा शोध घ्या, माल परत करा, असे हुकूम सुटले. पटवर्धनांच्या बाजूचं म्हणणं मात्र तुम्ही आजही रोज ऐकता तेच होतं. आम्ही सांगितलं नव्हतं. ते पेंढारी होते, ते लमाण होते.

इथे जरा थांबायला हवं. लमाण म्हणजे बैलांच्या तांड्यांवर फौजेला धान्य पुरवणारे. त्यांच्याशिवाय कर्नाटकात फौज आठवडाभर जगली नसती. पेंढारी म्हणजे पगार नसलेला स्वार. घोडा त्याचा, भाला त्याचा, पोट लुटीवर. छावणीच्या कडेला त्याचं पाल. आणि सरदाराच्या परवानगीने लुटायचं म्हणून तो सरदाराला जो भरणा करी त्याला नाव होतं पालपट्टी. पालागणिक पट्टी. कारकून ती वहीत उतरवून घेई. म्हणजे ज्या माणसाशी आपला संबंध नाही म्हणून सांगायचं, त्याच्याकडून आलेली रक्कम आपल्याच वहीत जमेला!

माझं म्हणणं एवढंच, की जबाबदारी शोधायची तर हुकुमाच्या कागदात शोधू नका. तसा हुकूम कोणी लिहीत नाही. ती जमाखर्चात शोधा. महाराजांना झडती घेता येत होती, कारण तनखा त्यांनी दिलेला होता. पेशवाईच्या उत्तरार्धात पदरचा पैसा वाचवायला बिनपगारी माणसं जोडली गेली, आणि त्यांच्याबरोबर जाब विचारायची सोयही गेली. शिवाय पेंढाऱ्यांचं किंवा लमाणांचं स्वतःचं दप्तर नव्हतं. त्यामुळे सगळा दोष त्यांच्या नावावर बसला तेव्हा उलट उत्तर लिहायला कोणी नव्हतं. प्रत्यक्ष लूट त्यांनी केली हे खरं असेलच. त्यांना तिथवर कोणी नेलं, ते नाव मात्र त्या वाक्यातून अलगद निसटतं.

आजचा कायदा याच जागी येऊन पोचलेला आहे, फक्त फार रक्त सांडून. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी सेनापती यामाशिता याच्यावर मनिलात खटला चालला. त्याने कत्तलींचा हुकूम दिला हे सिद्ध करण्याची गरज धरली गेली नाही. हाताखालचं सैन्य आवरलं नाही, एवढ्यावर १९४६ च्या फेब्रुवारीत तो फासावर गेला. तो निकाल न्याय्य होता का यावर कायदेपंडित अजून भांडतात. पण सेनापतीला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, आणि त्याने आवरलं नाही, तर तो दोषी, हे तत्त्व पुढे १९९८ च्या रोम करारात आलं. त्यावर उभं असलेलं हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ पासून आहे. युक्रेनमधून मुलं नेल्याबद्दल २०२३ च्या मार्चमध्ये पुतिन यांच्यावर आणि गाझाबद्दल २०२४ च्या नोव्हेंबरात नेतान्याहू यांच्यावर त्याच न्यायालयाने वॉरंट काढलं. भारत या करारात नाही. जिनिव्हा करारांत मात्र आहे, आणि त्यासाठी १९६० चा आपला स्वतंत्र कायदाही आहे.

पालपट्टीचं आजचं रूप पाहायचं असेल तर रशियाची वॅग्नर फौज पाहा. वर्षानुवर्षं मॉस्कोचं म्हणणं, ही खासगी मंडळी, सरकारचा संबंध नाही. २०२३ च्या जूनमध्ये वॅग्नरने बंड केलं, त्यानंतर पुतिन यांनीच सांगून टाकलं, की यांचा सगळा खर्च सरकारने केला, एका वर्षात ८६ अब्ज रुबल. वही त्यांनी स्वतःच्या हाताने उघडली.

शृंगेरीची बाकीची हकीकतही ऐका. स्वामींनी टिपूला कळवलं. टिपूने लुटारूंचा निषेध केला आणि बिदनूरच्या अंमलदाराला लिहिलं, की देवीच्या पुनःस्थापनेसाठी दोनशे राहती (त्या वेळचं नाणं) रोख आणि इतर सामान द्या. ती पत्रं १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याच्या नरसिंहाचारांना मठात सापडली. यावरून टिपूला संत करायची घाई नको. कुर्गात आणि मलबारात त्याच्या फौजांनी जे केलं, त्याबद्दल त्याने कोणाला दोनशे राहती पाठवल्या नाहीत. शत्रूच्या फौजेचा गुन्हा त्याला लांबून दिसला, स्वतःच्या फौजेचा अंगणात असून दिसला नाही. यात तो एकटा नव्हे.

मराठी बाजू आपल्याला कळते ती मिरजेच्या एका मास्तरांमुळे. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. पटवर्धनांचे कागद वाचून, लावून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' नावाने खंडामागून खंड छापले. राहायचं पटवर्धनांच्या संस्थानात आणि छापायचे पटवर्धनांचे कागद, तेही शृंगेरीसकट. तुमच्या टपरीवरच्या तिसऱ्या गृहस्थांनी देठाचं पत्र जरूर सांगावं, पण शेजारी हा खंडही ठेवावा.

राहिला शिक्षेचा प्रश्न. हुकूम सुटले, पत्रं गेली-आली, दोष पेंढाऱ्यांच्या नावावर राहिला. कुरुंदवाडची जहागीर त्यानंतर १९४८ पर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं, पटवर्धनांकडेच होती.