संगणकाचा वीजपुरवठा संच : पारख आणि निवड

संगणक आता केवळ शहरातील कार्यालयांपुरता राहिलेला नाही. गावातील शाळा, ग्रामपंचायत आणि सामान्य कुटुंब यांच्यापर्यंत तो पोचला आहे. त्यातही ज्यास लोक 'गेमिंग संगणक' म्हणतात, त्या अधिक शक्तीच्या यंत्राकडे तरुणांचा ओढा वाढत आहे. हा निव्वळ करमणुकीचा प्रकार आहे, असे समजण्याचे कारण नाही. २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्स या प्रकारास पदकांचा दर्जा मिळाला होता. शिवाय चलचित्र-संकलन, सचेतन चित्रे, इमारतींचे आराखडे अशा रोजगार देणाऱ्या कामांसाठीही याच जातीचे यंत्र लागते.

असे यंत्र घेताना चर्चा होते ती प्रोसेसर, ग्राफिक कार्ड आणि पडदा यांची. त्या सर्वांना वीज पुरविणारा जो संच पेटीच्या कोपऱ्यात बसविलेला असतो आणि बाजारात जो 'एसएमपीएस' या नावाने ओळखला जातो, त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दरपत्रकात तर 'कॅबिनेट, एसएमपीएससह' एवढाच त्याचा उल्लेख असतो. काटकसरीची कात्री प्रथम याच ठिकाणी चालते आणि संच बिघडला, तर त्याच्यासोबत हजारो रुपयांचे इतर भागही निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून या संचाची पारख कशी करावी, याची माहिती घेणे उपयुक्त ठरेल.

संचाचे कार्य

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची आणि प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलणारी असते. संगणकाच्या भागांना मात्र एकाच दिशेने वाहणारी, अत्यल्प दाबाची आणि स्थिर वीज हवी असते. वीजपुरवठा संच हे रूपांतर करतो आणि १२ व्होल्ट, ५ व्होल्ट व ३.३ व्होल्ट अशा तीन मुख्य वाहिन्यांतून वीज देतो. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या 'एटीएक्स' या मानकानुसार आजचे बहुतेक संच घडविले जातात.

विजेची गरज किती वाढली, हे दोन आकड्यांवरून स्पष्ट होईल. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आणलेल्या पर्सनल काँप्युटरमधील संच अवघा ६३.५ वॅटचा होता. एनव्हिडिया कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या आरटीएक्स ४०९० या एकट्या ग्राफिक कार्डाची गरजच ४५० वॅट आहे.

पेटीवरील आकडा आणि खरी शक्ती

खरेदीदाराची फसगत होते ती पेटीवर ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यामुळे. '५०० वॅट' असे लिहिलेले दोन संच सारखेच असतील, असे नाही. संचाच्या अंगावर एक तक्ता चिकटविलेला असतो. त्यात प्रत्येक वाहिनीवर किती अँपिअर प्रवाह मिळेल, हे दिलेले असते. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट, हे शाळेतील सूत्र येथे उपयोगी पडते.

समजा, एका स्वस्त संचाच्या तक्त्यावर ३.३ व्होल्टसाठी २८ अँपिअर, ५ व्होल्टसाठी ३० अँपिअर आणि १२ व्होल्टसाठी २० अँपिअर असे आकडे आहेत. गुणाकार केल्यास अनुक्रमे सुमारे ९२, १५० आणि २४० वॅट येतात. त्यांची बेरीज ४८२ होते. किरकोळ वाहिन्यांची शक्ती मिळविली की ५०० चा आकडा जुळतो. परंतु आजच्या संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक आपली वीज प्रामुख्याने १२ व्होल्टच्या वाहिनीवरूनच घेतात. म्हणजे त्यांच्या दृष्टीने हा संच ५०० वॅटचा नसून २४० वॅटचा आहे. उलटपक्षी, ५५० वॅटच्या चांगल्या संचात १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट मिळतात. तात्पर्य, पेटीवरील आकडा वाचण्यापूर्वी १२ व्होल्टपुढील अँपिअर वाचावेत.

गरजेचा हिशेब

आपल्या यंत्रास किती शक्ती लागेल, याचा अंदाज कोणालाही करता येतो. उदाहरणार्थ, इंटेल कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर कमाल ११७ वॅट घेतो. आरटीएक्स ४०७० या ग्राफिक कार्डाची गरज २०० वॅट आहे. मुख्य पटल, स्मृती, साठवण आणि पंखे यांसाठी ७५ वॅट धरावेत. एकूण ३९२ वॅट झाले. १२ ने भागल्यास सुमारे ३३ अँपिअर येतात.

तथापि अगदी तेवढ्याच शक्तीचा संच घेणे योग्य नव्हे. ग्राफिक कार्ड क्षणार्धात आपल्या नेहमीच्या गरजेपेक्षा बरीच अधिक वीज ओढते. ही बाब लक्षात घेऊनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, नव्या जोडणीच्या मोठ्या संचांनी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट भारही सोसला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. या कार्डासाठी खुद्द निर्माता ६५० वॅटच्या संचाची शिफारस करतो. हिशेबाने आलेल्या आकड्यावर तीस ते पन्नास टक्के अधिक शक्ती ठेवावी, हा सर्वसाधारण नियम सोयीचा आहे. त्याहून फार मोठा, उदाहरणार्थ १००० वॅटचा संच या यंत्रास घेणे म्हणजे निष्कारण खर्च होय.

कार्यक्षमता आणि वीजबिल

रूपांतर करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती किती कमी वाया जाते, हे सांगणारी '८० प्लस' नावाची प्रमाणन योजना २००४ मध्ये सुरू झाली. साधी, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम या तिच्या प्रमुख श्रेणी आहेत. ११५ व्होल्टवरील चाचणीत निम्म्या भारावर साध्या श्रेणीस ८० टक्के, ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते.

समजा, एखादे यंत्र रोज सहा तास, वर्षातून ३०० दिवस ४०० वॅटच्या भारावर चालते. ८० टक्के कार्यक्षमतेचा संच त्यासाठी भिंतीतून ५०० वॅट घेईल, तर ९० टक्क्यांचा सुमारे ४४४ वॅट घेईल. वर्षाअखेर हा फरक सुमारे १०० युनिटचा होतो. दहा यंत्रांच्या प्रयोगशाळेत तो १००० युनिटवर जातो.

येथे दोन गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॅटचा संच ४०० वॅटच देतो, हे खरे नाही. तो यंत्रास ५०० वॅट देतो आणि भिंतीतून त्याहून अधिक घेतो. दुसरे असे की, ही श्रेणी कार्यक्षमतेची आहे, सुरक्षिततेची नव्हे. अतिदाब, अतिप्रवाह आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे किंवा नाही, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

जोडणी आणि दक्षता

ग्राफिक कार्डास मुख्य पटलाच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत, सहा टोकांच्या जोडणीतून ७५ आणि आठ टोकांच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज मिळते. कार्डास लागणाऱ्या जोडण्या संचात आहेत की नाहीत, हे खरेदीपूर्वीच तपासावे. मोठ्या कार्डांसाठी आलेल्या सोळा टोकांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी २०२२ च्या अखेरीस पुढे आल्या आणि २०२३ मध्ये तिची रचना सुधारण्यात आली. ही जोडणी पूर्णपणे आत बसली आहे, याची खात्री करून घ्यावी. सुट्या होणाऱ्या तारा एका कंपनीच्या संचातून काढून दुसऱ्या कंपनीच्या संचास कदापि लावू नयेत. टोके सारखी दिसली, तरी आतील क्रम वेगळा असू शकतो आणि त्यामुळे यंत्र जळू शकते.

काही स्वस्त वा जुन्या संचांच्या मागे ११५ आणि २३० असे लहान बटण असते. ते आपल्याकडे २३० वरच हवे. तीन टोकांच्या प्लगचे अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचले आहे का, हे जाणकार तारतंत्र्याकडून पाहून घ्यावे. पावसाळ्यात विजा कडाडू लागताच प्लग काढून ठेवावा. वीज बंद केल्यावरही संचातील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब शिल्लक राहू शकतो. म्हणून धूळ झाडण्यासाठीसुद्धा संच उघडू नये.

जेथे वीज वारंवार खंडित होते, तेथे यूपीएस हवा. मात्र १००० व्हीए म्हणजे १००० वॅट नव्हेत. पुष्कळ लहान यूपीएसमध्ये तेवढ्यास ६०० वॅटच मिळतात. तेव्हा यूपीएसवरील वॅटचा आकडा पाहून, यंत्र आणि पडदा या दोहोंचा भार त्यात बसतो, याची खातरजमा करावी.

खरेदीच्या वेळी

शाळा आणि ग्रामपंचायती दरपत्रके मागवून कमीत कमी दराची निवड करतात. ही पद्धत योग्यच आहे. पण ज्या वस्तूचा तपशील मागितलेला नाही, तिचा दर्जा तपासता येत नाही. यास्तव मागणीपत्रात संचाची स्वतंत्र ओळ असावी. १२ व्होल्टवरील अँपिअर, ८० प्लस श्रेणी, संरक्षणाच्या सोयी, आवश्यक जोडण्या आणि हमीची वर्षे अशा पाच बाबी तीत नमूद कराव्यात. अनेक चांगल्या संचांना पाच वर्षे वा त्याहून अधिक हमी मिळते. माल ताब्यात घेताना पेटीचे झाकण काढून तक्त्यावरील आकडे मागणीपत्राशी ताडून पाहावेत आणि मगच नोंदवहीत नोंद करावी. मुलाच्या शिक्षणासाठी पदरमोड करून यंत्र घेणाऱ्या पालकांनाही हीच पाच बाबींची चिठ्ठी दुकानात नेता येईल. ती लिहून देण्याचे काम गावातील शिक्षक सहज करू शकतील.