शेळी धार देते, पण सगळी नाही

आमच्या वाड्यात संगमनेरी शेळ्या, बांधापलीकडे धनगराच्या मेंढ्या. धारा काढता काढता पटलेल्या या गोष्टी.

१. म्हशीचे नियम शेळीला लावू नका. म्हशीचं जवळजवळ सगळं दूध कासेच्या वरच्या भागातल्या बारीक पिशव्यांत असतं. पान्हा सुटला नाही की भांडं कोरडं. शेळी-मेंढीचं निम्म्याहून अधिक दूध सडांच्या वरच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं. म्हणून बुजलेली शेळीही धार देते आणि मालक खूश होतो. वर राहतं ते शेवटचं, स्निग्ध दूध. भांड्यात माप दिसतं, कस दिसत नाही.

२. पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. कास धुतली की लगेच बसायचं. कास धुऊन फोनवर बोलणाऱ्यांना मी आता काही सांगत नाही. धारेच्या वेळी कुत्रं नको, आरडाओरडा नको. अंगठ्याने सड ओढायचा नाही, मुठीत धरून दाबायचा.

३. शेळ्या धारेच्या ओट्यावर रोज साधारण ठरल्या क्रमाने चढतात. आमची चांदी सगळ्यांत पुढे. कास तट्ट भरलेली आणि समोर खुराक, थांबेल कशाला? एका सकाळी ती मागे रेंगाळली. चारा खात होती, रवंथ चालू होता, आजारी म्हणावं असं काहीच नव्हतं. कास चाचपली तर एक बाजू गरम आणि टणक. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढल्या, तर त्यात बारीक गुठळ्या. दगडीची सुरुवात. त्याच दिवशी डॉक्टर आले म्हणून सड वाचला. तेव्हापासून आधी रांग बघतो, मग कास. आणि दुखऱ्या शेळीची धार सगळ्यांत शेवटी, नाहीतर आपलेच हात रोग पुढे नेतात.

४. दूध कमी म्हणून पहिलारू बाजारात न्यायच्या आधी गव्हाणीवर नजर टाका. प्रत्येक कळपात एखादी पाटलीण असतेच. ती शिंग हलवते आणि गरीब शेळी मागे सरते, मग पेंड कुणाच्या पोटात जाते? आम्ही गव्हाणीची लांबी वाढवली, खुराक मात्र तेवढाच ठेवला. मागे राहणाऱ्या शेळ्यांच्या धारेत फरक दिसला.

५. बोकड लांब बांधा. त्याचा वास दुधात उतरतो.

६. पहिलारूला व्यायच्या आधीपासून ओट्यावर खुराक द्या, कासेवरून हात फिरवा. व्यायल्यावर लाथा कमी खाल.

७. मेंढीची धार आमच्या भागात क्वचितच काढतात, दूध कोकरांचंच. पण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीपासून जुळ्यांचं जनुक आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली, आणि अशा मेंढ्यांत दुधाचा हिशेब बदलतो. सड दोनच, तोंडंही दोन. मेंढी आपलं कोकरू वासाने ओळखते, परक्याला डोकं मारून हाकलते. म्हणून व्यायल्यावर दोन्ही कोकरं तिला चाटू द्यावीत, एकालाही बाजूला नेऊ नये. नंतर धार काढायचीच असेल, तर आधी दोघांची पोटं चाचपून बघावीत.