घोलेशापूर ते फलता : एका छोट्या लोहमार्गाचा अस्त

कलकत्त्याच्या दक्षिणेकडील बेहाला हा भाग आज महानगरात पुरता मिसळून गेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र तेथे शेते, बागा आणि तळी यांमधून विखुरलेली खेडी होती. यांपैकी घोलेशापूर येथून हुगळीकाठच्या फलता गावापर्यंत १९१७ मध्ये आगगाडी धावू लागली. १७५६ मध्ये सिराज-उद्-दौल्याने कलकत्ता जिंकले, तेव्हा इंग्रजांनी ज्या गावी आश्रय घेतला, तेच हे फलता.

मॅक्लाऊड कंपनीच्या या मार्गाचे नाव कालीघाट-फलता रेल्वे असे होते. त्याची लांबी सुमारे ४३ किलोमीटर, तर दोन रुळांमधील अंतर केवळ २ फूट ६ इंच होते. बार्शी लाइट रेल्वेनेही १८९७ मध्ये हेच माप स्वीकारले होते. अशा मार्गाला हलके रूळ पुरतात, जमीन थोडी लागते आणि वळणे आखूड घेता येतात. त्यामुळे मोठ्या रेल्वेला न परवडणाऱ्या मुलखातही तो नेता येतो. ठाकूरपुकूर, पैलान, आमतला अशी गावे या रुळांनी शहराशी जोडली गेली.

परंतु जे माप या रेल्वेचे बळ होते, तेच तिची दुर्बलताही ठरले. तिचे डबे रुंदमापी रुळांवर जाऊ शकत नसल्याने पुढे पाठवायचा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. जवळूनच डायमंड हार्बर रस्ता जात होता. त्यावरून मोटारबस धावू लागल्या, तेव्हा हळू चालणाऱ्या गाडीला त्यांच्याशी स्पर्धा करणे कठीण झाले. अखेर १९५७ मध्ये हा मार्ग बंद पडला.

याच कंपनीचे बांकुडा, बर्दवान-कटवा व अहमदपूर-कटवा हे तीन मार्ग आणखी काही वर्षे तग धरून राहिले. १९६० नंतरच्या दशकात ते सरकारच्या ताब्यात आले आणि कालांतराने रुंदमापी झाले. फलत्याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

रूळ उखडले गेले आणि बेहाला भागातील त्यांच्या पट्टीवर रस्ता झाला. १८६१ मध्ये ‘नीलदर्पण’ नाटकाच्या इंग्रजी भाषांतरापायी तुरुंगवास भोगलेल्या पाद्री जेम्स लाँग यांचे नाव त्या रस्त्यास मिळाले. नाव उचितच आहे. परंतु त्यात रेल्वेची आठवण राहिली नाही. १९८४ मध्ये बेहाला कलकत्ता महापालिकेत समाविष्ट झाले आणि वाहनांची गर्दी वाढतच गेली.

डिसेंबर २०२२ मध्ये जोका ते तारातला मेट्रो सुरू झाली आणि ६५ वर्षांनी ठाकूरपुकूरला पुन्हा रेल्वेस्थानक लाभले. या वेळी रूळ डायमंड हार्बर रस्त्याच्या वर, उंच खांबांवर टाकावे लागले. लोहमार्ग बंद करताना त्या वर्षीचा तोटा हिशेबात धरला जातो. शहराच्या वेशीपासून नदीपर्यंत गेलेल्या अखंड जमिनीच्या पट्टीचे मोल मात्र त्यात मांडले जात नाही. ते मोल पुढील पिढ्यांना कळते, आणि तोवर ती जमीन हाती उरलेली नसते.